मेडिकल बोर्डाचा शेरा हा शेवटचा शब्द नाही

मनाच्या आजारामुळे फौजेतून बोर्डआऊट, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवामुक्त, झालेल्या जवानाला डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली जाते तेव्हा त्यामागे बहुधा मेडिकल बोर्डाचा एका ओळीचा शेरा असतो: आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. जोडीला अनेकदा ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोष त्याच्या मूळ प्रकृतीतच होता. कित्येक घरांत विषय तिथेच मिटतो. डॉक्टरांनी लिहिलं म्हणजे संपलं. ते खोडायचं तर फौजेमुळेच मन ढासळलं हे आपण सिद्ध करायला हवं, आणि ते आपल्याला कसं जमणार, असा समज असतो. या समजाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. अपिलात जवान मनाने खंबीर होता की दुबळा, हा प्रश्नच नसतो. तिथे तपासायची असतात ती बोर्डाने दिलेली कारणं; आणि कारणंच दिलेली नसतील तर तोच अपिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट निकाल दिला. तिथला आजार अपस्माराचा होता, पण तत्त्व सगळ्याच आजारांना लागू पडलं. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलेल्या माणसाच्या नोंदीत कोणताही आजार लिहिलेला नसेल, तर तो शरीराने आणि मनाने धडधाकट होता असं गृहीत धरायचं. पुढे आजारामुळे त्याला काढावं लागलं, तर त्या आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सरकारने दाखवायचं. आणि भरतीच्या वेळी आजार ओळखता आला नसता असं बोर्डाचं मत असेल, तर तेही कारणांसह लिहायचं. हे मला न्याय्यच नव्हे, तर व्यवहार्यही वाटतं. कोणत्या चौकीवर किती काळ काढला, कधी रुग्णालयात दाखल केलं, हे सगळे कागद फौजेकडे असतात. आजारी जवानाकडे किंवा त्याच्या बायकोकडे नसतात. मात्र डिसॅबिलिटी पेन्शनच्या 2008 च्या नियमांत एक महत्त्वाचा अपवाद आहे: सेवामुक्तीनंतर 15 वर्षांनी दावा केला, तर पुराव्याचा भार दावेदारावर येतो.

दुसरा मोठा गैरसमज ‘पीस स्टेशन’चा. आजार शांत छावणीत उघड झाला, मग लढाईशी त्याचा काय संबंध, असं जवानाचे नातेवाईकही म्हणतात. पण आघातानंतरच्या तणावविकाराची पूर्ण लक्षणं घटनेनंतर सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू शकतात, हे मानसोपचारशास्त्राने मान्य केलेलं आहे. बदली होऊन माणूस शांत ठिकाणी येतो तेव्हाच झोप उडणं, दचकणं, घरच्यांवर भडकणं पहिल्यांदा कोणाच्या तरी नजरेत भरतं, यात अजब काही नाही. फौजेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीची 2008 मध्ये सुधारलेली मार्गदर्शिकाही बंदुकीच्या गोळीपलीकडे पाहते. बंडखोरीविरोधी मोहिमा, अति-उंचावरची नेमणूक, एकाकी चौकी, जीवितहानी झालेला वाहन किंवा विमान अपघात, भूकंप-त्सुनामीत मृतदेहांजवळ करावं लागलेलं काम, अशा परिस्थितीत मानसिक विकार उद्भवला तर तो सेवेमुळेच झाला असं मानावं, असं तिच्यात आहे. गंभीर जखमेनंतर वर्षभरात उद्भवलेल्या विकारालाही हेच लागू आहे. आणखी एक तरतूद तर फारच थोड्यांना माहीत असते. पत्नीचा किंवा मुलाचा मृत्यू, कुटुंबावर झालेला भीषण गुन्हा, अशा प्रसंगी कामाच्या निकडीमुळे रजा नाकारली गेली आणि तीन महिन्यांत मानसिक आजार सुरू झाला, तर तो सेवेमुळे वाढला असं मानता येतं.

यावर वजनदार आक्षेप आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि भरतीच्या तपासणीत तो दिसत नाही. मग प्रत्येक प्रकरणात फौजेला का जबाबदार धरायचं? सर्वोच्च न्यायालयानेच 2019 मध्ये अशा एका जवानाचा दावा फेटाळला आणि मानसिक आजार यांत्रिकपणे सेवेच्या खात्यावर टाकता येणार नाही, असं म्हटलं. हा निकाल लपवून कोणी अपिलाचा सल्ला देत असेल, तर तो त्या कुटुंबाची फसवणूक करतो. पण त्याच न्यायालयाने 2013 मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच प्रकरणात बोर्डाचं मत डोळे मिटून मान्य करणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा आदेश रद्द करून नव्याने वैद्यकीय तपासणी करायला लावली. मे 2025 मध्येही बोर्डाने कारणं दिली नाहीत म्हणून पेन्शन नाकारणं चूक ठरवलं. या निकालांत मला विसंगती दिसत नाही. आजाराचं नाव निकाल ठरवत नाही. या माणसाला, या नेमणुकीत, हा आजार कसा झाला याचं उत्तर नोंदीत आहे की नाही, यावर तो ठरतो.

गैरवापराची शंकाही घेतली जाते. कॅगच्या 2023 च्या अहवालाने डिसॅबिलिटी पेन्शनमध्ये रक्तदाब आणि मधुमेह यांसारख्या जीवनशैलीच्या आजारांच्या प्रमाणाकडे लक्ष वेधलं होतं, आणि तो प्रश्न खरा आहे. पण निवृत्तीच्या उंबरठ्यावर नोंदवलेला रक्तदाब आणि ऐन तिशीत नोकरीच घालवणारा मानसिक आजार यांना एकाच संशयाने पाहणं अन्यायाचं आहे. मानसिक आजाराचा शिक्का आपल्या समाजात लग्नापासून पुढच्या नोकरीपर्यंत सगळीकडे आड येतो. चार पैशांसाठी तो शिक्का मुद्दाम ओढवून घेणारे किती असतील, याचा शंका घेणाऱ्यांनी विचार करावा.

टक्केवारी कमी लागली म्हणून हताश होण्याचंही कारण नाही. पेन्शनसाठी किमान 20 टक्के अपंगत्व लागतं. परंतु अपंगत्वामुळे सेवेतूनच काढलं असेल तर ते 20 टक्क्यांहून अधिक मानावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटलं. खात्याकडे पहिलं व दुसरं अपील आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, अशी वाट आहे. न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे जायचं असतं, तरी रास्त कारण असेल तर उशीर माफ होतो. 1983 मध्ये बोर्डआऊट झालेला एक जवान 1999 मध्ये उच्च न्यायालयात गेला, तेव्हा पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला चालू राहणारी चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये मानलं. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच दिली. म्हणजे दार उघडं राहतं, पण थांबलेल्या प्रत्येक वर्षाचे पैसे हातातून जातात. 21 सप्टेंबर 2023 पासून सेवामुक्त होणाऱ्यांना नवे, अधिक कडक नियम लागू आहेत, म्हणून आपली तारीख आधी पाहावी. मग रेकॉर्ड ऑफिसकडून, लागल्यास माहिती अधिकारात, बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा कागद, नेमणुकांची यादी आणि नाकारलेल्या रजेच्या नोंदी मागवाव्यात. वकील गाठायचा तो हे कागद हातात घेऊन.