मोजणारा कोणाचा?

पाण्याचे प्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने आपला कायदा १९६९ मध्ये केला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी आला. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे जाहीर केले, तेव्हा त्यांतले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात निघाले. आपल्याकडे पाणी तपासण्याची ठिकाणे जास्त आहेत म्हणूनही हा आकडा मोठा दिसतो आणि त्यात शहरांच्या मैलापाण्याचा वाटा फार मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्यामुळे कारखाने सुटत नाहीत. हे पट्टे बीओडीवरून ठरतात. घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातात, त्याचा तो हिशेब. रंग आणि औषधे बनवताना उरणारी कित्येक रसायने जिवाणूंना पचतच नाहीत, आणि क्रोमियम किंवा पारा तर या हिशेबात येतच नाही. कारखान्यांचे खरे विष या यादीत उमटत नाही. २०१८ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात देशात पहिला क्रमांक आपल्याच तारापूर औद्योगिक वसाहतीचा लागला होता, हे इथे आठवावे.

मग कायदा लेचापेचा आहे का? कलमे वाचली तर तसे वाटत नाही. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राशिवाय सांडपाणी सोडता येत नाही. ते नदीनाल्यात सोडायचे असेल, तर सर्वसाधारण मानकांनुसार एका लिटरमागे बीओडी ३० आणि सीओडी (जिवाणूंना न पचणारी रसायनेही धरणारे माप) २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. केंद्राच्या कायद्यातल्या १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचाही अधिकार मिळाला. उणीव आहे ती या आकड्यांपर्यंत पोचण्याच्या वाटेत. न्यायालयात टिकेल असा नमुना घ्यायचा तर कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते. त्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. ही काळजी न्याय्यच आहे, पण असे नमुने वर्षातून मोजकेच निघतात. उरलेल्या दिवसांचे आकडे बहुतेक येतात ते कारखान्याने स्वतः भरलेल्या वार्षिक विवरणपत्रातून आणि त्याने पैसे मोजलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालातून. त्यातच मानक लिटरमागे असल्याने सांडपाण्यात चांगले पाणी मिसळले की आकडा खाली येतो. नाल्यात जाणारे रसायन मात्र तेवढेच राहते. हे टाळायला संमतीपत्रात सांडपाण्याच्या एकूण मात्रेचीही मर्यादा असते, पण ती मोजणारा मीटर पुन्हा कारखान्याचाच. १९७७ च्या पाणी-उपकर कायद्याने पाण्याच्या वापरावर कर लावला होता, मीटर सक्तीचा केला होता आणि प्रक्रिया यंत्रणा उभारणाऱ्याला करात सूट दिली होती. जीएसटीबरोबर २०१७ मध्ये तो उपकर गेला. पाणी कमी वापरायला लावणारे एक चांगले साधन आपण सहज सोडून दिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणारा कोणाच्या पैशावर जगतो, याने काय फरक पडतो ते शेजारच्या गुजरातेत तपासले गेले आहे. तिथे प्रदूषण तपासणारा परीक्षक निवडायचा आणि त्याला पैसे द्यायचे ते कारखान्यानेच, अशी पद्धत होती. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या काही कारखान्यांपुरती ती बदलली. परीक्षक चिठ्ठीने ठरले, त्यांना सामायिक निधीतून ठरावीक मोबदला मिळाला आणि त्यांच्या काही नोंदी दुसऱ्याकडून पडताळल्या गेल्या. जुन्या पद्धतीच्या अहवालांत धुरातल्या धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के होते. पडताळणीत ते ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीत परीक्षक खरे लिहू लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही घटवले, त्यातही सर्वांत जास्त घाण सोडणाऱ्यांनी. हा आकडा हवेचा आहे, पण पाण्याच्या परीक्षणालाही तोच धडा लागू पडतो.

मोजणी कारखान्याच्या हातून काढावी आणि आकडे सर्वांना दाखवावेत, यावर पहिला आक्षेप असतो की त्यापेक्षा निरीक्षक वाढवा. देशभरच्या प्रदूषण मंडळांत जवळपास निम्मी पदे रिकामी आहेत आणि ती भरलीच पाहिजेत. पण याच अभ्यासकांनी गुजरातेत तपासणीच्या फेऱ्या दुपटीहून जास्त वाढवून पाहिल्या, तेव्हा सरासरी प्रदूषण फारसे हलले नाही, कारण सगळ्यांत वाईट कारखान्यांकडे निरीक्षक आधीच जात होते. दुसरा आक्षेप लहान उद्योजकांचा, आणि तो खरा आहे. स्वतंत्र प्रक्रिया केंद्र त्यांना परवडत नाही, म्हणून एमआयडीसीत सामायिक केंद्रे उभी राहिली. मात्र सगळ्यांचे पाणी एका टाकीत मिसळले की विष कोणी सोडले हे सांगता येत नाही. तिथे प्रत्येकाच्या जोडनळीवरच स्वतंत्र मोजणी हवी. तिसरा आक्षेप असा की आकडे उघड केले तर खंडणीखोर त्रास देतील. उलट खंडणी चालते ती आकडा झाकलेला असतो तेव्हाच. जो सगळ्यांना दिसतो, तो दाबून ठेवण्याचे पैसे कोण देईल? शिक्षेचे म्हणाल, तर केंद्राच्या त्याच कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीने बहुतेक गुन्ह्यांसाठीचा तुरुंगवास काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. खटले वर्षानुवर्षे रखडतात, म्हणून दंड बरा, हे मला पटते; पण खोट्या आकड्यावर दंड तरी कसा बसणार?

म्हणून राज्य मंडळाने परीक्षक आणि प्रयोगशाळा चिठ्ठीने नेमाव्यात, त्यांचे शुल्क कारखान्यांकडून घेऊन स्वतः द्यावे, आणि कारखान्यांत बसवलेल्या सततच्या मोजणी यंत्रांचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत. यातली शेवटची गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सांगितलेलीच आहे. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. संमतीपत्रांतल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि जिला सांडपाण्याची झळ बसते अशा कोणाही व्यक्तीला ती पाहू द्यावी, असे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याचे पंचविसावे कलम सांगते. ती वही मागा.