हार्डवेअर वॉलेट किती वर्षे टिकते? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हार्डवेअर वॉलेट म्हणजे क्रिप्टोचलनाची गुप्त किल्ली इंटरनेटपासून अलग ठेवणारे, पेन ड्राइव्हएवढे छोटे उपकरण. व्यवहारावरची डिजिटल सही या उपकरणाच्या आतच होते. किल्ली संगणकाकडे किंवा फोनकडे जात नाही. प्रागच्या सातोशीलॅब्सने २०१४ मध्ये 'ट्रेझर' बाजारात आणला, तर फ्रान्सच्या लेजर कंपनीचा 'नॅनो एस' २०१६ मध्ये आला. पहिल्या पिढीतल्या या उपकरणांना आता बरीच वर्षे झाली आहेत. त्यांचे पडदे अंधुक होतात, बटणे अडकतात, केबल लावूनही उपकरण जागे होत नाही. अशा वेळी मालक घाबरतो, आणि त्या घबराटीत केलेल्या गोष्टींतूनच बहुतेक वेळा खरे नुकसान होते. त्यामुळे उपकरण नेमके कशाने बिघडते आणि बिघडल्यावर काय जाते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

पैसे उपकरणात असतात, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. बिटकॉइनची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खातेवहीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये असते. उपकरणात असते ती फक्त एक प्रचंड मोठी यादृच्छिक संख्या, आणि तिच्यातूनच सगळ्या किल्ल्या तयार होतात. उपकरण पहिल्यांदा सुरू करताना हीच संख्या १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपात पडद्यावर दाखवली जाते. यालाच सीड फ्रेज म्हणतात. २०१३ सालच्या बीआयपी-३९ या खुल्या मानकात २०४८ शब्दांची ठरावीक यादी आहे आणि हे शब्द तिच्यातूनच येतात. उपकरण जळाले, बुडाले, हरवले, तरी हे शब्द नव्या उपकरणात क्रमाने भरले की तेच पत्ते आणि तीच शिल्लक समोर येते.

धोका खरा असतो तो उलट परिस्थितीत. उपकरण ठणठणीत चालते आहे, पण शब्दांचा कागद सापडत नाही. ट्रेझर किंवा लेजर हे शब्द एकदा दाखवल्यावर पुन्हा दाखवत नाहीत. अशा मालकाने उपकरण चालू आहे तोवरच नवी सीड तयार करून, ती नीट उतरवून, सगळी नाणी तिकडे हलवायला हवीत. 'चालतेय ना, मग बघू पुढे' असे म्हणत गेलेला प्रत्येक महिना निव्वळ नशिबावर काढलेला असतो.

पाच वर्षे झाली की चिप पुसली जाते?

बॅटरी संपली की आतली माहिती जाते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ट्रेझर वन, ट्रेझर टी, नॅनो एस, नॅनो एस प्लस यांत बॅटरीच नाही. किल्ली फ्लॅश प्रकारच्या स्मृतीत राहते आणि या स्मृतीला माहिती टिकवायला वीज लागत नाही. ट्रेझर वनमध्ये एसटीएम३२ कुळातला मायक्रोकंट्रोलर आहे. त्या प्रकारच्या चिपच्या तांत्रिक पत्रकात १०,००० वेळा पुसून-लिहिण्याची क्षमता आणि वापर व तापमानानुसार १० ते ३० वर्षांची धारणक्षमता दिलेली असते. वॉलेटच्या मालकाकडून इतके लेखन होत नाही. उष्णतेने मात्र ही मुदत घटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये तापणाऱ्या पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभी गाडी ही उपकरण ठेवायची जागा नव्हे.

चिपच्या आधी इतर भाग थकतात. नॅनो एक्ससारख्या उपकरणात लिथियम बॅटरी असते. ती पूर्ण उतरवून वर्षानुवर्षे ठेवली तर कायमची मरते, क्वचित फुगतेही. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि त्या उपकरणाला चार्जर लावू नये. ओएलईडी पडद्यातले सेंद्रिय पदार्थ ओलाव्याने आणि वापराने निकामी होतात. पडद्यावर काळे ठिपके येतात, अक्षरे फिकट होत जातात. पडदा मेला की पिन टाकता येत नाही आणि पत्ता पडताळता येत नाही, म्हणजे आतली चिप धडधाकट असूनही उपकरण हातचे गेल्यासारखेच. यूएसबीचे तोंड १०,००० वेळा जोडण्या-काढण्यासाठी बनवलेले असले, तरी तिरकी ओढलेली केबल ते त्याआधीच सैल करते.

बेटेगावची हवा आणि पावसाळा

कोरड्या युरोपीय घराच्या हिशेबाने उपकरणाचे आयुष्य मोजणे पालघर जिल्ह्यात चुकीचे ठरते. बोईसरलगतच्या बेटेगावसारख्या ठिकाणी एकीकडे तारापूर औद्योगिक वसाहतीतले रसायन, रंग, औषध आणि पोलादाचे कारखाने, तर पश्चिमेला अरबी समुद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. त्यात जून ते सप्टेंबरचा दमटपणा, ज्यात कपाटातल्या चामडी चपलांवरही बुरशी धरते.

या तिन्हींचा परिणाम एकत्र होतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर धरू लागतो. समुद्री क्षार ओलावा ओढून तो थर टिकवतात. गंधकयुक्त वायू त्यात विरघळले की तांबे आणि चांदी काळी पडतात. यूएसबीच्या जोडणीवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो इतका पातळ की सूक्ष्म छिद्रांतून खालचे निकेल आणि तांबे गंजते आणि हिरवट-काळा गंज वर येतो. भिंगातून पाहिल्यास एखाद-दुसऱ्या पिनेच्या कडेला तो स्पष्ट दिसतो. उपकरण 'मेले' असे वाटते, पण पुष्कळदा दोष एवढाच असतो. आधी दुसरी केबल, मग दुसरे पोर्ट, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, या क्रमाने गेले तर काही उपकरणे पुन्हा सुरू होतात.

कारखान्यांतल्या नियंत्रण-कक्षांच्या हवेसाठी आयएसए ७१.०४ हे मानक आहे. तांब्याच्या पट्टीवर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी गंज चढला तरच ती हवा 'जी-१', म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला सौम्य समजली जाते. त्यासाठी तिथे वातानुकूलन आणि गाळण्या असतात. घरातल्या कपाटात तसे काही नसते. हवाबंद डबी आणि तिच्यात सिलिका जेलची पुडी एवढ्याने मात्र बरेच साधते. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते ओले कधी झाले हे कळते. पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा उपकरण सुरू करून पाहावे. खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रे पुसली जातात, त्या दिवशी हेही काम उरकता येते.

कागद, पोलाद आणि गणित

सीड फ्रेज लिहून ठेवली की काम संपले, असे मानणे घातक आहे. याच हवेत जेल पेनची शाई पसरते, कागदाला कसर आणि वाळवी लागते. शिसपेन त्या मानाने बरी, कारण ग्रॅफाइट पाण्याने विरघळत नाही आणि उजेडाने उडत नाही. त्याहून चांगली धातूची पट्टी. पण धातू कोणता, हेही पाहायला हवे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि घराला लागलेल्या आगीत तापमान त्याच्या वर जाऊ शकते. स्टेनलेस स्टील १४०० अंशांच्या आसपास टिकते. क्षारयुक्त हवेत ३०४ प्रतीच्या स्टीलवर बारीक खड्डे पडतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ अधिक तग धरते. बोईसरच्या वर्कशॉपमध्ये पट्टी कापून घ्यायला हरकत नाही, पण लेटर पंचने शब्द ठोकायचे काम मालकाने स्वतःच, एकट्याने करावे. ज्याने शब्द पाहिले, त्याच्या हाती नाणी गेली.

कागद अर्धवट खराब झाला म्हणून सगळे गेले, असेही समजू नये. बीआयपी-३९ च्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे पुढची अक्षरे पुसली तरी अडत नाही. शिवाय शेवटच्या शब्दात पडताळणीचे काही बिट असतात. १२ पैकी एक शब्द नाहीसा झाला तर २०४८ पर्याय उरतात आणि पडताळणीत त्यांपैकी सुमारे १२८ टिकतात. २४ शब्दांच्या सीडमध्ये तर साधारण ८. हे काम साध्या संगणकावर होते. १२ शब्द सगळे आहेत पण क्रम विसरला, तर सुमारे ४७ कोटी ९० लाख मांडण्या होतात. त्याही संगणक तपासू शकतो. २४ शब्दांचा क्रम गेला तर मात्र आशा सोडावी लागते. अशी शोधाशोध इंटरनेट नसलेल्या संगणकावरच करायची असते. 'शब्द भरा, शिल्लक दाखवतो' म्हणणारी संकेतस्थळे चोरीसाठीच उभी असतात.

हेच गणित दुसऱ्या एका समजुतीलाही छेद देते. १२ शब्दांचे ६-६ असे दोन भाग करून एक बेटेगावात आणि दुसरा पालघरला नातेवाइकाकडे ठेवला की सुरक्षितता वाढते, असे वाटते. प्रत्यक्षात एक भाग चोराच्या हाती लागल्यावर उरलेले संरक्षण १२८ बिटांवरून सुमारे ६२ बिटांवर येते, आणि दोहोंपैकी कुठलाही भाग हरवला की मालकच बाहेर राहतो. पूर्ण सीडच्या दोन प्रती दोन सुरक्षित जागी ठेवणे हे सरळ आणि चांगले.

काही वेळा उपकरण बिघडलेलेच नसते. सीडखेरीज जोडीला गुप्त वाक्य, म्हणजे पासफ्रेज ठेवली असेल तर एका अक्षराच्या चुकीने वेगळेच, रिकामे वॉलेट उघडते. चुकीचा इशारा येत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या कोणतीही पासफ्रेज वैधच असते. शून्य शिल्लक पाहून मालक उपकरणाला दोष देतो. चुकीच्या पिनचेही तसेच. लेजर तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर स्वतःला पुसून टाकते, ट्रेझर सोळानंतर. हे पुसणे बिघाड नाही, संरक्षण आहे. शब्द हाती असतील तर त्याने काहीच जात नाही.

कंपनी बुडाली तर नाणीही बुडतात, ही भीती बऱ्याच अंशी निराधार आहे. बीआयपी-३९ हे मानक खुले असल्याने एका कंपनीची सीड दुसऱ्या कंपनीच्या उपकरणात चालते. अपवाद मात्र माहीत हवेत. ट्रेझरच्या काही उपकरणांत स्लिप-३९ ही वेगळी पद्धत असते. तिची यादी १०२४ शब्दांची आहे आणि ते शब्द लेजरमध्ये चालत नाहीत. इलेक्ट्रम या संगणकीय वॉलेटची सीडही बीआयपी-३९ ची नसते. म्हणून शब्दांसोबत कोणत्या पद्धतीची सीड आहे आणि कोणत्या वॉलेटमध्ये बनवली, हे दोन ओळींत लिहून ठेवणे शब्दांइतकेच गरजेचे. जुन्या उपकरणांचा शेवट बहुधा मोडून होतच नाही. नवे सॉफ्टवेअर त्यांना ओळखेनासे होते. नॅनो एसचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. त्याची स्मृती इतकी तोकडी की थोडीच ॲप एका वेळी बसतात. ॲप काढले तरी नाणी जात नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते.

हार्डवेअर वॉलेट असले की चोरी अशक्य, हा समज मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या प्रकरणाने मोडीत काढला. १८ जुलै २०२४ रोजी तिथून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची क्रिप्टो मालमत्ता गेली. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार त्या वॉलेटसाठी अनेकांच्या सह्या लागत आणि तिचे सही करणारे तिघेही लेजर उपकरणे वापरत होते. उपकरणे बिघडली नव्हती. पडद्यावर दिसणारा व्यवहार एक आणि प्रत्यक्ष सही झाली ती दुसऱ्यावरच, असे कंपनीचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर साधारण अशाच रीतीने गेले. उपकरण किल्ली सांभाळते. सही कशावर होते आहे हे वाचण्याचे काम माणसाचेच राहते.

बंद पडलेल्या उपकरणातून किल्ली काढून देणारा कुणी सापडेलच, ही आशाही धरू नये. २०२० मध्ये क्रॅकेन या कंपनीच्या सुरक्षा विभागाने, ट्रेझर प्रत्यक्ष हातात असेल तर साधारण १५ मिनिटांत त्यातून सीड काढता येते, हे दाखवले. २०२२ मध्ये जो ग्रँड या अमेरिकी अभियंत्याने पिन विसरलेला ट्रेझर वन उघडून सुमारे २० लाख डॉलरची नाणी मालकाला मिळवून दिली. दोन्ही ठिकाणी मुख्य चिप जिवंत होती आणि तिला वेगळे सुरक्षा-कवच नव्हते. लेजरमध्ये किल्ली खास सुरक्षित चिपमध्ये असते आणि तिथे मोबाइल दुरुस्तीवाल्याचे काही चालत नाही. आगाऊ पैसे घेऊन नाणी परत मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी.

वॉलेटचा खर्च करातून वजा करता येतो, असाही एक गैरसमज आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि खरेदीच्या किमतीखेरीज कसलीही वजावट मिळत नाही. वॉलेटचा खर्च त्यात धरता येत नाही, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

या सगळ्यात एक काम फार थोडे लोक करतात, ते म्हणजे शब्दांची तालीम. ट्रेझरमध्ये आणि लेजरमध्ये लिहिलेले शब्द बरोबर आहेत का, हे नाण्यांना हात न लावता तपासण्याची सोय आहे. फर्मवेअर, म्हणजे उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्याआधी ही तपासणी करायलाच हवी, कारण अद्ययावतीकरणात उपकरण पुसले जाऊ शकते. वर्षातून एकदा ती केली तर चुकीचे उतरवलेले अक्षर वेळेत सापडते.

मेलेले उपकरण भंगारात देण्याची घाईही करू नये. पडदा गेला म्हणून स्मृती गेलेली नसते आणि सुरक्षित चिप नसलेल्या उपकरणातून जाणकार माणूस सीड काढू शकतो. आधी नव्या उपकरणात जुने शब्द भरून नाणी परत मिळवावीत, मग नवी सीड तयार करून ती सगळी तिच्या पत्त्यावर हलवावीत. जुने उपकरण हरवले किंवा चोरीला गेले असेल तेव्हाही हाच क्रम, फक्त त्याच दिवशी. त्यानंतर जुन्या उपकरणात उरलेल्या किल्लीने काहीच उघडत नाही आणि ते ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे देता येते.