बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी गाडी स्टार्ट का होत नाही? जुन्या डिझेल ट्रकच्या अर्थिंगची गोष्ट

गाडीत फोन चार्जिंगला लावलाय आणि हॉर्न दाबला की चार्जिंग तुटतं, इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवेही त्याच तालावर लुकलुकतात, असं कधी पाहिलंय? बहुतेक वेळा दोष चार्जरचा नसतो. अर्थिंग गेलेलं असतं.

आमच्या बेसा भागात काकांचा एक जुना १२ व्होल्टचा डिझेल मालवाहू ट्रक आहे. सकाळी माल वेळेवर पोचला नाही तर त्या दिवसाचं भाडं बुडतं. नवीन बॅटरी झाली, सेल्फ भरून झाला, तरी ‘टक्’ आवाज येऊन गाडी गप्प. काका म्हणाले, "अबे, सगळं नवीन टाकलं ना, मग सेल्फ काऊन नाही उचलून राहिला?"

उत्तर सोपं आहे. बॅटरीच्या प्लसमधून करंट सेल्फपर्यंत जाड वायरने जातो, पण परत मायनसला यायला त्याला इंजिन, चेसिस आणि दोन-तीन अर्थ वायर लागतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, केबिनही रबरी बुशवर. म्हणजे लोखंड लोखंडाला लागलेलं दिसत असलं तरी मध्ये रबर आहे. तिथे पूल बांधायचं काम अर्थ पट्टी करते. नागपूरची काळी माती, पावसाळ्यातला चिखल आणि वर्षानुवर्षांचं ऑइल या पट्टीवर बसतं आणि तिची टोकं गंजतात.

आता थोडं गणित. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फ फिरवायला ३०० अँपिअरच्या आसपास करंट सहज लागतो. गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी ३०० गुणिले ०.०१, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच जळाले! वर ९०० वॅट उष्णता, जवळजवळ एका इस्त्रीइतकी. सेल्फला उरले जेमतेम ९. म्हणूनच मल्टिमीटरचा ‘बीप’ इथे फसवतो. पट्टीची एक तार जरी शाबूत असेल तरी बीप वाजतो, पण त्या एका तारेतून ३०० अँपिअर जात नाहीत.

खरी टेस्ट लोड देऊनच होते. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन पेट घेऊ नये म्हणून स्टॉप केबल ओढून धरलेली. एक प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही), दुसरा इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्ट ठीक आहे. १ च्या वर गेलं की पट्टी खलास. काकांच्या गाडीत १.८ आलं.

अर्थ खराब असताना करंट परतायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनही असू शकते. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर लगेच थांबा.

आम्ही नुसती पट्टी बदलली नाही, जागाही बदलली. आधी बॅटरीचा मायनस चेसिसला खालच्या बाजूला जोडलेला होता, अगदी चाकाचा चिखल उडतो तिथे. आता मायनसची वायर थेट इंजिनला, सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर. प्लसची वायर जेवढी जाड तेवढीच ही. दुसरी वायर इंजिनपासून चेसिसच्या आतल्या, वरच्या बाजूला आणि तिसरी चेसिसपासून केबिनला. इंजिन हलतं, त्यामुळे वायरला थोडी ढील हवी. सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब ठेवायची. जागेसाठी चेसिसला नवीन भोक पाडू नका आणि ब्रेक पाइपच्या बोल्टला हात लावू नका.

उघडण्याआधी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. नंतर तेच कामी येतात. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. प्लस उघडताना पाना चेसिसला टेकला आणि मायनस जोडलेला असला, तर थेट शॉर्ट. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, ठिणगी नकोच.

रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत काढा. थिंबल नीट दाबलेलं हवं, नुसतं पक्कडने चेपलेलं नाही. दातेरी वॉशर टाकून बोल्ट घट्ट करा आणि ग्रीस नंतर वरून लावा. रंगावर घट्ट केलेला बोल्ट दिसायला मजबूत असतो, पण कामाचा नसतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, हे सगळं जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीबद्दल आहे. ईसीयू असलेल्या नव्या गाडीत अर्थच्या जागा ठरवून दिलेल्या असतात, तिथे मनाने हलवाहलव नको. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात, तेही आधी बघून घ्या.

काम झाल्यावर तीच टेस्ट पुन्हा केली, ०.१५ व्होल्ट. हॉर्न वाजवला तरी फोनचं चार्जिंग तुटलं नाही. जुना सेल्फ, जो ‘गेला’ म्हणून काढून ठेवला होता, तो बसवून पाहिला, तोही व्यवस्थित फिरला.