पहिलवानाचं पंचांग

एप्रिल २०२२ सातारा, जानेवारी २०२३ पुणे, त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव. पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, फुलगावला सिकंदर शेख. पहिलवानाची वर्षाची मेहनत आखणारा इथंच अडतो. आखणी नेहमी उलटी चालते. आधी मोठ्या कुस्तीची तारीख धरायची आणि तिथून मागं महिने मोजत यायचं. तारीखच दरवर्षी सरकत असेल तर मोजायचं कुठून?

जुन्या तालमीपुढं हा पेच नव्हता. मोठी मैदानं चैत्र-वैशाखाच्या जत्रांत भरायची आणि पाऊस लागला की उठायची. मग पावसाळाभर कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत जोर, बैठका, दोरी चढणं, हौद्यातली माती उकरणं. डाव कमी, घाम जास्त. दिवाळीनंतर लढती वाढायच्या, वस्ताद जोड बदलून बदलून धरायला लावायचे. सोव्हिएत अभ्यासक लेव मात्वेयेव यांनी १९६०च्या दशकात तयारी, स्पर्धा आणि स्पर्धेनंतरचा विसावा असे हंगामाचे तीन भाग शास्त्रशुद्ध मांडले, आणि जगभरच्या प्रशिक्षकांनी ते उचलले. आपल्या वस्तादांना ते वाचायची गरज पडली नव्हती. त्यांचं काम पंचांग आणि पाऊसच करत होते.

हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण शरीर तसं वागत नाही. दम आणि मूळ ताकद कमवायला महिने जातात, पण एकदा कमावली की मेहनत थोडी उतरवली तरी तीन-चार आठवडे टिकते. चपळाई मात्र आठवड्याभरातच बोथट व्हायला लागते. म्हणून ती शेवटी. त्यातही माती आणि गादी यांचं गणित वेगळं. मातीतली निकाली कुस्ती पूर्वी तासभरसुद्धा रेंगाळायची. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची उसंत. गादीच्या पहिलवानाला स्पर्धा जवळ आली की सहाच मिनिटं, पण जीव खाऊन लढायची सवय हवी. समोरचा जोडीदार दर दोन मिनिटांनी बदलून ताजा उभा केला की ती लागते.

सगळ्यात कठीण जातात शेवटचे दोन आठवडे, कारण तेव्हा कमी करायचं असतं. मेहनतीचं एकूण प्रमाण निम्म्याच्या आसपास आणायचं आणि जोर तसूभरही उतरू द्यायचा नाही. रोज चाळीस मिनिटं लढणारा वीसच मिनिटं लढेल, पण पकड तेवढीच करकचून. महिनोन्‌महिने साचलेला थकवा या दिवसांत निघून जातो आणि कमावलेलं वर येतं. पहिलवानाला मात्र आपण आळसावलो असं वाटतं, तो गुपचूप पाचशे बैठका मारून येतो. आपल्याकडं कितीतरी कुस्त्या या पाचशे बैठकांनी घालवल्या असतील, असं माझं मत आहे.

वजनाचंही तसंच. ते शेवटच्या रात्री घाम गाळून उतरवायचं नसतं, आखणीत महिनाभर आधी धरायचं असतं. त्यातून २०१८पासून एका वजनगटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. विनेश फोगाट ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. लढायचं तर खायला-प्यायला हवं, आणि खाल्लं की वजन वर जातं. आपल्या मूळ वजनापेक्षा बरंच खाली उतरून लढणाऱ्याला ही रात्र फार महाग पडते.

आता राहिला पैशाचा मुद्दा, तो प्रशिक्षणाच्या पुस्तकांत सहसा नसतो. दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक पुष्कळ घरांत जत्रेच्या इनामावर चालतो. त्यामुळं ‘यंदा मैदानं सोड, राष्ट्रीय स्पर्धेवर लक्ष ठेव’ हा सल्ला योग्य असला तरी पोराच्या बापाला परवडत नाही. जाणते वस्ताद मधला रस्ता काढतात. मैदानं तीन-चारच, तीही जवळची. जोड अशी की दुखापतीचा धोका कमी. आणि त्या आठवड्याच्या लढतींच्या सरावातून तेवढी कुस्ती वजा. इनाम घरी जातं, आणि पोरगं सोमवारी हलकी मेहनत करून मंगळवारी पुन्हा हौद्यात उतरतं.