मूलभूत संशोधनाचा खर्च कोणी करावा?

इ.स. १८२८ मध्ये मध्य प्रदेशातील जबलपूरजवळ कॅप्टन विल्यम स्लीमन यांना काही अश्मीभूत हाडे आढळली. त्यांच्या आधारे १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या डायनोसॉरचे नामकरण केले. शोध आणि नामकरण यांत ४९ वर्षे लोटली. पुढे हा नमुना हरवल्याचे मानले जात होते. २०१२ मध्ये धनंजय मोहबे व सहकाऱ्यांना त्यातील एक मणका कोलकात्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. १८५१ पासून अखंड चाललेल्या सार्वजनिक संस्थेमुळेच तो टिकला. नोंदी व देखभाल यांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हेही त्यातून दिसले.

बाजारपेठ अपुरी का पडते?

मूलभूत ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ते कमी होत नाही आणि इतरांना त्यापासून वंचित ठेवणे कठीण असते. फलनिष्पत्तीही अनिश्चित असते. म्हणून मुक्त बाजारपेठेत संशोधनावर पुरेशी गुंतवणूक होत नाही, असे प्रतिपादन केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये केले. शिवाय वार्षिक ८ टक्के वटाव दराने ५० वर्षांनंतरच्या १०० रुपयांचे आजचे मूल्य जेमतेम २ रुपये भरते. कोणती कंपनी एवढी वाट पाहील?

निधीचे तीन मार्ग

१. संस्थांना स्थायी अनुदान : प्रयोगशाळा, संग्रह व मनुष्यबळ यांसाठी.
२. स्पर्धात्मक प्रकल्प अनुदान : नव्या कल्पनांसाठी, मात्र मुदत संपताच ते थांबते.
३. अक्षय निधी : बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेस (१९०९) जमशेटजी टाटा यांच्या देणगीतील मालमत्तेच्या उत्पन्नाचा आधार मिळाला.

२०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरील खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अधिनियम, २०२३ संमत झाला तेव्हा २०२३-२८ साठी ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला. त्यातील सुमारे ३६,००० कोटी उद्योग व अन्य स्रोतांकडून अपेक्षित होते. उद्योगांचा सहभाग स्वागतार्ह असला, तरी त्यांचा ओढा स्वाभाविकपणे नजीकच्या लाभाकडे असतो. म्हणूनच मूलभूत संशोधनाचा, विशेषतः संग्रह व नोंदींच्या जतनाचा, खर्च शासनाच्या स्थायी अनुदानातून भागवला जाणे आवश्यक आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पातून जीवाश्म शोधता येईल. तो शतकभर सांभाळण्यास मात्र संस्थाच हवी.