दुरुस्तीनंतर पेटलेला पिवळा दिवा

जोयडा तालुक्यात गाडी बिघडली की घराचे निम्मे व्यवहार अडतात. दवाखाना, बाजार, बँक, सगळ्यासाठी दांडेली नाहीतर कारवार गाठायचे. पावसाळ्यात अणशी घाटात गाडी थांबली, तर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे गॅरेजमधून आलेल्या गाडीचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या डिझेल गाडीचे क्लचचे काम झाले. दुसऱ्याच दिवशी इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी मध्येच बंद पडू लागली. सासूबाईंना तपासणीसाठी कारवारला न्यायचे होते. स्कॅनरवर कोड आला पी०३३५, म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरचे सर्किट. गॅरेजवाले म्हणाले, नवा सेन्सर घाला. आमच्या शेजारच्या मेस्त्रींनी आधी खाली वाकून बॅटरी मारून पाहिले. गिअरबॉक्स उतरवताना सोडवलेली वायर क्लिपमध्ये परत बसवलीच नव्हती; घासून तिचे आवरण गेले होते. ‘सेन्सर सरि इदे, वायर होगिदे,’ ते म्हणाले. वायर जोडून नीट बांधली, कोड पुसला आणि सासूबाईंची तपासणी ठरल्या दिवशी झाली.

कोड दुखरी जागा सांगतो, रोग नव्हे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यावर लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नये. एअर फिल्टरपुढच्या पाइपचा क्लॅम्प सैल असला तरी हाच कोड येतो.

म्हणून कामात जिथे हात लागला तेच आधी तपासावे: कनेक्टर पूर्ण बसलेत का, त्यांत पाणी किंवा हिरवट गंज आहे का, अर्थिंगची वायर घट्ट आहे का, फ्यूज शाबूत आहे का. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदीर, म्हणजे आपली ‘इलि’, वायरी कुरतडते, तेही पाहावे.

बॅटरीची वायर काढून दिवा विझवण्याची घाई नको. कोड पुसला जातो, दोष तसाच राहतो. काही गाड्यांचे आयडलिंगही काही काळ बिघडते. आधी कोड लिहून ठेवावा. पेट्रोल गाडीचा दिवा लुकलुकत असेल तर ती बाजूला घेऊन थांबवावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले. आता गाड्यांत सेन्सर भरपूर आणि महागही. तेव्हा वाचकहो, बिलावर कोड लिहून मागा आणि बदललेला जुना भाग हातात घेऊनच पैसे द्या.