हजेरीपासून भरतीपर्यंत : सोलापूर जिल्ह्यातील पोलिस आणि विमुक्त जमाती

पुणे-सोलापूर महामार्गावरचे टेंभुर्णी हे माढा तालुक्यातले गजबजलेले गाव. इथले पोलिस ठाणे सोलापूर ग्रामीण दलात येते. या जिल्ह्यात पोलिस आणि भटक्या-विमुक्त जमाती यांच्या नात्याने शंभर वर्षांत जे वळण घेतले, ते थक्क करणारे आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. आतल्या माणसांनी गिरणीत राबायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि परवान्याशिवाय बाहेर पडायचे नाही, असा शिरस्ता होता. सोलापुरातली ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव त्याच काळाची खूण.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत बेरड, कैकाडी, रामोशी, वडार, बंजारा अशा १४ जाती असून त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. पोलिस भरतीलाही ते लागू होते. ज्याच्या आज्याची हजेरी पोलिस घेत, तो तरुण आज १६०० मीटर धावून आणि गोळाफेक करून शिपाई होऊ शकतो.

शिक्का मात्र कायद्याइतक्या लवकर पुसला जात नाही. चोरी झाली की आधी पालांवर आणि तांड्यावर संशय जातो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होणार नाही, याची पोलिसांनी काळजी घ्यावी.

दुसरी वाट याच जिल्ह्याने दाखवली. २०२१ मध्ये पोलिस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसते छापे घालून भागत नव्हते. भट्टी मोडली की पुन्हा पेटे. म्हणून एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घेतले. समुपदेशन, पर्यायी रोजगार, सरकारी योजना आणि कारवाई या गोष्टी एकत्र चालल्या.

खाकीतल्या विमुक्त तरुणालाही आधार लागतो. लंडनच्या महानगर पोलिसांतील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी १९९४ मध्ये स्वतःची संघटना काढली. आपल्याकडे १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना काढण्यावर बंधने आहेत. त्यामुळे इथे जबाबदारी वरिष्ठांची ठरते. पोलिस दरबारात विमुक्त शिपायाचे गाऱ्हाणे मोकळेपणाने ऐकले जावे, जातीवरून टोमणा मारणाऱ्याला समज मिळावी, आणि बंजाऱ्यांची गोरबोली येते म्हणून त्याला कायम तांड्यावरच न पाठवता तपासाची महत्त्वाची कामेही द्यावीत. ठाण्यात त्याला मान मिळतो असे तांड्याने पाहिले, तर तांड्यातला माणूसही फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढायला कचरणार नाही.